चौथ्या मजल्याखालची नदी

शाळेत मी भूगोल शिकवत असे. दरवर्षी फळ्यावर मुळा काढायची, मुठा काढायची, दोन्ही रेषा संगमाशी जोडायच्या आणि मुलांना सांगायचं की ही पुढे जाऊन भीमेला मिळते. एवढ्या ओळखीवर मी निवृत्तही झाले. नदीच्या पाण्याला बोट लावायची वेळ कधी आली नाही, आणि पुण्यात राहणाऱ्या माणसाला त्याचं कारण विचारायची पद्धत नाही.

आई श्रावणात गेली. त्याआधी तीन वर्षं ती अंथरुणावर होती आणि मी तिच्या उशाशी. ती गेल्यावर सगळे म्हणाले, आता विश्रांती घे. मी घेऊ लागले. दुपारी आडवी व्हायचे, रात्री आडवी व्हायचे, आणि छताकडे बघत राहायचे. काम संपलं होतं पण दमणूक संपली नव्हती. उलट आता तिला हवा तेवढा वेळ मिळाला होता. गादीवरून उठून चहाचं आधण ठेवायचं म्हटलं तरी एखादा गड चढायचा आहे असं वाटायचं.

धाकटा भाऊ परदेशात एका बंदराच्या शहरात राहतो. तो म्हणाला, "ताई, तू इकडे ये. इथे पहाटे बंदरात कयाक घेऊन जातात, बरोबर गाइड असतो. जहाजांच्या मागून सूर्य उगवतो. सगळा शीण जाईल." त्यानं फोटोही पाठवले. निळं पाणी, पिवळ्या बोटी, शेवटी लाकडी धक्क्यावर कॉफी पिणारी टवटवीत माणसं. मी फोटो पाहिले आणि विमानतळावरच्या रांगेच्या नुसत्या कल्पनेनं पुन्हा आडवी झाले.

हे शेजारच्या निशाला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग इथली फेरी कर. संगमापाशी निघते की पहाटेची."

"कुठून? नदीतून? आपल्या?"

"आपल्याच. दुसरी कुठे आहे?"

मला नाही म्हणायचा कंटाळा आला. एवढ्या एका कारणानं मी या प्रवासाला निघाले. पासपोर्ट लागला नाही, सामान लागलं नाही. कोथरूडहून अंधारात रिक्षा मिळाली आणि रिक्षावाला चक्क कुठेही यायला तयार होता, हेच काय ते परदेशात आल्यासारखं वाटलं.

घाटावर

नोव्हेंबर संपत आला होता. संगमाच्या थोडं वर, मुळेच्या काठी एक जुना दगडी घाट आहे. तिथे दिव्याखाली केशरी रंगाच्या लांबट बोटी मांडून ठेवल्या होत्या. धुकं इतकं होतं की नदी दिसत नव्हती; ती आहे हे नाकाला कळत होतं.

आमची गाइड ऋतुजा नावाची मुलगी. पंचविशीची, लोहगावची. त्यांचं गाव शहरात आलं तेव्हा शेतं गेली आणि विहिरीही गेल्या, पण विहिरीत शिकलेलं पोहणं मात्र राहिलं, असं तिनंच सांगितलं. बोलायची अगदी आजच्या मुलांसारखी, मध्येच घाई झाली की गावची भाषा वर यायची.

"मॅडम, रिलॅक्स. ही बोट सिंक होतच नाही. आणि तुम्ही पडलात तर मी हाय ना."

"पडल्यावर की पडायच्या आधी?" मी विचारलं. तिनं माझ्या लाइफ जॅकेटचा पट्टा जरा जास्तच आवळला.

आयटीतली दोन जोडपी होती, ती आपापल्या बोटींत बसली. त्यांच्याबरोबर ऋतुजाचा एक साथीदार जाणार होता. उरले आम्ही दोघं एकेकटे: मी, आणि सत्तरी ओलांडलेले एक सडपातळ गृहस्थ. पांढरी दाढी नीट कातरलेली, अंगात इस्त्रीचा सदरा, त्यावर हातानं विणलेलं स्वेटर. गळ्यात प्लॅस्टिकच्या पाकिटात मोबाइल लटकवलेला. ते पाकीट ते सारखं चाचपून बघत होते.

"मी उस्मान अत्तार," ते म्हणाले. "रविवार पेठेत अत्तराचं दुकान आहे. आपण?"

मी नाव सांगितलं, शिक्षिका होते हेही सांगितलं. "म्हणजे बाई," ते म्हणाले आणि त्या क्षणापासून मी बाईच झाले.

ऋतुजानं आम्हाला दोघांच्या बोटीत एकत्र बसवलं. जड माणूस मागे बसतो असा नियम आहे म्हणे. तिनं आम्हा दोघांकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता मला मागची जागा दाखवली. पुण्यात मापं काढायला शब्द लागत नाहीत.

संगमाकडे

काठ सुटला आणि पहिल्या काही मिनिटांत आम्ही दोन पूर्ण गोल फिरलो. अत्तारसाहेब भराभर वल्हं मारत होते, डावीकडे दोनदा, उजवीकडे एकदा, मन मानेल तसं. मी त्यांच्या पाठीमागून त्यांची चूक दुरुस्त करत होते, आणि दोघांची मिळून एक तिसरीच चूक तयार होत होती.

"अहो, एका तालात मारू या," मी म्हणाले.

"मारू या की. ताल आपण द्या."

मी "डावा, उजवा" म्हणू लागले. शाळेच्या कवायतीत म्हणायचे त्याच आवाजात. बोट सरळ चालू लागली. थोड्याच वेळात माझे दंड भरून आले आणि माझा आवाज बारीक होत गेला. तोंडानं म्हणायचं आणि हातानं काही करायचं नाही, ही सोय माझ्या लक्षात आली. पुढे बसलेल्या माणसाला मागचं दिसत नाही.

वासाबद्दल लिहिलं नाही तर कोणी माझ्यावर विश्वास ठेवणार नाही. पावसाळा संपून फार दिवस झाले नव्हते, म्हणून तो बेताचा होता असं ऋतुजा म्हणाली. बेताचा म्हणजे बंद खोलीत ओलं फडकं विसरून गावाला गेल्यावर येतो तसा. अत्तारसाहेबांनी खिशातून एक छोटी कुपी काढली आणि मागे हात केला.

"वाळा आहे. नाकाखाली थोडा लावा."

मी लावला. आता वाळ्याचा वास येऊ लागला आणि नदीचाही येत राहिला. दोन्ही एकमेकांच्या वाटेला जात नव्हते.

पण धुक्यात खरंच काहीतरी होतं. रस्त्यावरून या नदीकडे बघताना आपण कठड्यावरून खाली बघतो, नाकाला रुमाल लावून. इथे आम्ही पाण्याच्या उंचीवर होतो. काठावरची झाडं धुक्यातून एकेक करून पुढे येत होती आणि मागे जात होती. एका बाभळीवर पाणकावळे पंख पसरून बसले होते, कपडे वाळत घातल्यासारखे. हळदी-कुंकू बदकांची एक जोडी आमच्यापासून हातभर अंतरावरून निवांत गेली. चोचीच्या टोकाला हळद, कपाळाला लाल टिकली. भावाच्या बंदरात सील दिसतात. आमच्याकडे सवाष्णी दिसतात.

संगमापाशी उजवीकडून मुठा आली. रेल्वेच्या पुलावरून एक गाडी खडखडत गेली आणि तिच्या खिडक्यांचा उजेड पाण्यावर तुटत तुटत गेला. फळ्यावर इतकी वर्षं मी दोन रेषा एका टोकाला जोडत आले होते. इथे तसं टोक नव्हतंच. एक पाणी दुसऱ्यात कधी मिसळलं ते कळलंच नाही. ऋतुजा म्हणाली, "इथे जरा थांबू. वल्हं मांडीवर ठेवा, डोळे मिटा, आवाज ऐका."

मी डोळे मिटले. आवाज मात्र फार वेळ ऐकले नाहीत.

"बाई! बाई, वल्हं!"

मला झोप लागली होती. माझं वल्हं मांडीवरून घसरून पाण्यात पडलं होतं आणि स्वतःच्या वाटेनं येरवड्याकडे निघालं होतं. ते पकडायला मी वाकले, बोट कलली, अत्तारसाहेब "या अल्ला" म्हणाले आणि नदी माझ्या मांडीवर आली. गार, काळसर आणि भरपूर. बोट सावरली. ऋतुजानं चार फटक्यांत जाऊन वल्हं आणून दिलं.

"मॅडम, झोपलात?" तिला ते खरंच वाटत नव्हतं. "माझ्या टूरवर लोक घाबरतात, ओरडतात. झोपलं कोणीच नव्हतं."

जलपर्णी

पुढे नदी रुंद होते. डाव्या अंगाला बेट, उजव्या अंगाला मोठ्या इमारती, त्यांच्या पायाशी काठाला चिकटलेली जलपर्णीची हिरवी गादी. आम्ही पाण्याच्या मधोमध होतो. दोन्ही जोडपी साथीदाराबरोबर पुढे बंधाऱ्याकडे निघाली. अत्तारसाहेबांनी वल्हं थांबवलं.

"ऋतुजाताई, जरा उजव्या काठाकडे घ्याल का?"

"तिकडं नाही जमायचं, काका. सगळी जलपर्णी हाय. बोट अडकती."

"थोडंसंच. त्या इमारतीच्या समोर."

"काय आहे तिथे?" मी विचारलं.

त्यांनी गळ्यातलं पाकीट चाचपलं. मग पाठमोरेच म्हणाले, "हॉस्पिटल आहे. चौथ्या मजल्यावर माझी बायको आहे. आज तिचं ऑपरेशन."

ऋतुजानं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.

"आज? आणि तुम्ही इथे?" माझ्या तोंडून निघून गेलं. आवाज बाईंचाच होता.

"तिनंच पाठवलं," ते म्हणाले. "पोटात गाठ आहे. कितीतरी दिवस झाले, मी तिच्या खाटेशेजारी बसून आहे. परवा मला म्हणाली, तुमच्या तोंडाकडे बघून मला वाटतं मी गेलेच. आजाराची एवढी भीती वाटत नाही जेवढी तुमच्या तोंडाची वाटते. खिडकीतून तिला या केशरी बोटी दिसायच्या. म्हणाली, ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्यात बसून या. मी वरून बघीन. मुलगी चिडली, मुलगा चिडला. पण तिचं म्हणणं मी आजवर मोडलं नाही, तर आज कशाला मोडू?"

धुक्यात समोरची इमारत नुसता राखाडी ठिपका होती. ऋतुजानं जलपर्णीकडे पाहिलं, पुढे गेलेल्या बोटींकडे पाहिलं.

"जाऊ," ती म्हणाली. "पण मी सांगन तसं. मी पुढनं वाट करते. तुम्ही थांबायचं नाही. थांबलात की अडकलात. मॅडम, तुम्ही पण मारायचं हां. खरंखरं."

म्हणजे तिला माहीत होतं.

जलपर्णीतून बोट नेणं म्हणजे ओल्या गवताच्या गंजीतून खाट ओढण्यासारखं आहे. वल्हं आत जातं पण बाहेर येत नाही. मुळं लांब, केसांसारखी. ती वल्ह्याला गुंडाळतात. एक जांभळी पाणकोंबडी आमच्यासमोर पानांवरून चालत गेली, वर आमच्याकडे बघत. अत्तारसाहेबांना धाप लागली होती. माझ्या खांद्यांत जे काही उरलं होतं ते मी आईला कुशीवर वळवताना वापरायचे तसं वापरलं, म्हणजे नसलेलंच. आणि मग बोट थांबली. पुढेही जाईना, मागेही येईना.

"बास," ऋतुजा तिच्या बोटीतून म्हणाली. "याच्या पुढं नाही."

काठ अजून लांब होता. वर बघितलं तर धुकं आणि धुक्यात मजले. अत्तारसाहेबांनी पाकिटातला मोबाइल प्लॅस्टिकवरूनच दाबला. पलीकडून त्यांच्या मुलीचा, रेश्माचा आवाज आला. त्यांनी तो मोठा केला.

"अब्बू, कुठे आहात तुम्ही? अम्मीला न्यायला येतील आता."

"खाली आहे. समोर. तिला खिडकीत बसव."

"बसलीय ती. काही दिसत नाहीये. सगळं पांढरं आहे."

त्यांनी वल्हं दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. पाणी ओघळून त्यांच्या बाहीत गेलं. "आता?"

"नाही, अब्बू."

ते तसेच वल्हं धरून राहिले. मला म्हणावंसं वाटलं की अहो, खाली ठेवा, दिसणार नाही. पण ते म्हणायचं काम माझं नव्हतं. पलीकडे रेश्मा कोणाला तरी "दोन मिनिटं, सिस्टर" म्हणत होती. बहुतेक न्यायला आले होते.

सूर्य कुठे उगवला ते आम्हाला दिसलं नाही. धुकं मात्र वरून विरळ होऊ लागलं, आधी गच्ची, मग खालच्या खिडक्या. फोनमधून एक वेगळा, जरा घोगरा आवाज आला.

"दिखे! दिखे मेरेकू! नारंगी!"

अत्तारसाहेब वल्हं जोरानं हलवू लागले. बोट डुलायला लागली.

"और पीछे कौन है?" तो आवाज म्हणाला. "पीछेवाली बाई तो कुछ करतीच नै."

ऋतुजा इतकी हसली की तिला वल्हं आडवं टाकून बोट सावरावी लागली. मी झटकन माझं वल्हं वर उचललं. चौथ्या मजल्यावर एका खिडकीत काहीतरी फिकट निळं हललं. हात असेल, नाहीतर पदर. मग रेश्मा म्हणाली, "अब्बू, घेऊन चाललेत," आणि फोन बंद झाला.

त्यांनी वल्हं खाली ठेवलं. पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे चेहरा मला दिसला नाही, आणि दिसला नाही हे बरंच झालं. मी आणि ऋतुजानं मिळून बोट मागे ओढून काढली. त्याला किती वेळ लागला, कोण जाणे. मी त्या वेळात एकदाही थांबले नाही, हे मात्र नमूद करते.

बंधाऱ्यापाशी

बंडगार्डनच्या बंधाऱ्याच्या अलीकडे उतरायचं असतं. तिथे पोहे आणि चहा होता. भावाच्या बंदरातली कॉफी कशी असते मला माहीत नाही, पण भिजलेल्या सलवारीवर कागदी प्लेट ठेवून खाल्लेल्या त्या पोह्यांना मी नावं ठेवणार नाही. खोबरं जरा कमी होतं, एवढंच.

अत्तारसाहेबांनी पोह्यांना हात लावला नाही. त्यांची स्कूटर वर घाटावर राहिली होती, आणि गाडी सगळ्यांना परत तिकडे न्यायला अजून आली नव्हती. ते रस्त्यावर जाऊन उभे राहिले आणि चुकीच्या दिशेनं जाणाऱ्या रिक्षांना हात करू लागले. माझं घर पार दुसऱ्या टोकाला. अंगातलं सगळं त्राण गेलं होतं. तरी मी उठले, रिक्षा थांबवली, त्यांना आत बसवलं, आणि मग लक्षात आलं की मीही आत बसले आहे.

हॉस्पिटलच्या दारात त्यांना कोणती लिफ्ट, कोणता मजला, काही सुचेना. मला सुचत होतं. तीन वर्षांत मी असल्या इमारतींत इतकी फिरलेय की डोळे बांधले तरी पाट्यांशिवाय जाईन. पेशंटची लिफ्ट मागच्या बाजूला असते. मी त्यांना तिकडे नेलं, आणि दार उघडलं तर आत खाटेवर त्यांच्या पत्नीच होत्या; तयारीच्या खोलीतून त्यांना आत्ता थिएटरकडे नेत होते. रेश्मा बाजूला.

शमीमबी. लहानशी चण, डोक्याला हिरवी टोपी, डोळे मात्र पूर्ण जागे. त्यांनी नवऱ्याचे ओले पाय पाहिले, मग माझे पाहिले.

"याच का त्या?" त्यांनी आता मराठीत विचारलं.

"याच," अत्तारसाहेब म्हणाले.

"काय हो, पाण्याला वास येतो का? हे म्हणणार नाही येत."

"येतो," मी म्हणाले. "फार येतो."

त्या हसल्या. हसताना पोटाला हात लावला. "मला वाटलंच होतं. इतके दिवस वरून बघतेय, छान दिसतं." मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "आता तुमचं तोंड बरं आहे. असंच ठेवा."

आम्ही खाटेमागून थिएटरपर्यंत गेलो; खाट आत गेली आणि दार बंद झालं.

मला घरी जायचं होतं. कपडे ओले होते, अंगाला नदीचा वास येत होता, वाळ्याचाही थोडा. पाच मिनिटं बसू आणि निघू असं ठरवून थिएटरबाहेरच्या खुर्चीत मी टेकले. रेश्मानं चहा आणला. ती म्हणाली, तुम्ही जा मावशी, आम्ही आहोत. मी हो म्हणाले. अत्तारसाहेब समोरच्या खुर्चीत सरळ बसले होते, हात गुडघ्यांवर, तोंड सांगितल्याप्रमाणे ठेवलेलं. असल्या खुर्चीत मान कुठे टेकवायची, हे माझ्या मानेला माहीत होतं. पुढचं मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा कॉरिडॉरमधला उजेड बदलला होता. माझ्या मानेखाली घडी घातलेलं स्वेटर होतं. समोर अत्तारसाहेब नुसत्या सदऱ्यावर बसले होते. रेश्मा नव्हती. मी ताडकन सरळ बसले.

"झालं का?"

"झालं," ते म्हणाले. "डॉक्टर येऊन सांगून गेले. गाठ पूर्ण निघाली, तपासायला पाठवलीय. शुद्धीवर आली. बोलतेय म्हणे."

"कधी आले होते?"

"झाला बराच वेळ."

"आणि रेश्मा?"

"आत आहे. एकालाच सोडतात."

मला काही कळेना. "अहो, मग तुम्ही जायचं ना! तुम्ही इथे काय करताय?"

त्यांना माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं असावं.

"तुम्ही झोपला होतात," ते म्हणाले. "एकट्यांना असं सोडून कसं जायचं?"

मी स्वेटर झटकून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते अंगात घातलं, बटणं खालपासून वरपर्यंत नीट लावली, दाढीवरून हात फिरवला आणि उभे राहिले. दारापर्यंत गेले आणि वळले.

"आता जाऊ का, बाई?"